स्वतःचं संगीत करणाऱ्याकडे म्युझिक प्रॉडक्शन शिकावं का? (गोवा)

फोंडेकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे.
मुलगी यंदा बारावी झाली. लहानपणापासून पेटी शिकलीय, वाड्यावरच्या उत्सवी नाटकाला साथही करते. आता डोक्यात म्युझिक प्रॉडक्शन (गाणं रेकॉर्ड करून, आवाज जुळवून तयार करणं) शिरलंय. रात्री हेडफोन लावून लॅपटॉपवर काहीतरी जुळवत असते. बी. कॉम. करीन, पण सोबत हे नीट शिकायचं, असं तिचं म्हणणं.
दोन वाटा दिसतात. म्हापशाकडे एक वादक आहेत. स्वतःची गाणी करतात, सीझनला हॉटेलांत बँडबरोबर वाजवतात, नाटकांना पार्श्वसंगीत देतात आणि घरच्या स्टुडिओत मोजके विद्यार्थी घेतात. दुसरी वाट म्हणजे मोठ्या शहरातली संस्था. वर्षाचा डिप्लोमा, ठरलेलं वेळापत्रक, सर्टिफिकेट, आणि डोळे पांढरे करणारी फी.
आमच्या मेव्हण्यांचं मत: "जो वाजवतो तो शिकवणार कधी? आणि जो शिकवतो त्याचं वाजवणं चालत नसणार." मला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

किसमूर
ज्यांचं काहीच चालत नाही ते सल्ले देतात का, हेही मेव्हण्यांना विचारून घ्या. हलके घ्या.

निवृत्त_मास्तर
फोंडेकर, वाजवणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा, असं गोव्यात होतं तरी कधी? पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीत मास्तर, मुलांना सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत, आणि तेच मेस्त फेस्ताला, लग्नाला वाजवतही असत. त्या शाळांतून तयार झालेली माणसं मुंबईला जाऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. स्टुडिओत वाजवायचे, अरेंजिंग करायचे आणि प्यारेलाल, आर. डी. बर्मन यांना व्हायोलिनही शिकवलं. पुढं प्यारेलालनी गुरूचं नाव एका गाण्यातून घराघरांत पोचवलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.
आपल्या देवळांतही तेच. उत्सवाला गाणारे बुवाच आठवडाभर मुलांना भजन शिकवायचे. तेव्हा मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हापशाला जा.

अभ्यासू_आळशी
मास्तर, मान्य. पण नाण्याची दुसरी बाजूही गोव्याचीच आहे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंनी किशोरीताईंसकट कितीतरी शिष्य घडवले. केसरबाईंनी मात्र धोंडूताई कुलकर्णी सोडल्यास जवळजवळ कुणाला शिकवलंच नाही. गाण्यात दोघींत डावं-उजवं कुणी करू नये, शिकवण्याच्या बाबतीत मात्र दोन टोकं. म्हणजे कलाकार चालता आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्याला शिकवण्याची हौस आहे का, ते बघा.

पुणेकर_वास्कोत
माझा अनुभव सांगतो, नाव घेत नाही. एका चालत्या संगीतकाराकडे मी प्रॉडक्शन शिकायला जात होतो. माणूस गुणी, कान भन्नाट. पण ऑक्टोबर उजाडला आणि क्लासचं रूपांतर व्हॉट्सॲप मेसेजमध्ये झालं. "आज साउंडचेक आहे, उद्या बघूया." डिसेंबरात तर ते उद्याही बंद झालं. फी मात्र तिमाहीची आगाऊ. आणि जेव्हा क्लास व्हायचा तेव्हा मी काय करायचो? केबल गुंडाळायचो, चहा आणायचो, त्यांच्या हॉटेलातल्या कार्यक्रमाला स्पीकर उचलायचो. "बघून शीक" म्हणे. बघून मी स्पीकर उचलायला शिकलो.
संस्थेत निदान सोमवारी सकाळी दहाला कुणीतरी वर्गात उभं असतं.

सोलकढी
@पुणेकर, केबल नीट गुंडाळता येणं ही अर्धी विद्या आहे हो. कोपरावर गुंडाळणाऱ्याला कुठलाही साउंडवाला दुसऱ्यांदा बोलवत नाही. :)
पण मुद्दा बरोबर. गोव्यात हे सगळं सीझनवर चालतं. शॅक मेअखेरीला उठतात, पावसाळ्यात समुद्रकिनारी चिटपाखरू नसतं, वादक घरी. म्हणून शिकायचं तर जून ते सप्टेंबर. मध्ये चवथ (गणपती) आली की सगळेच गायब, विद्यार्थीसुद्धा.

म्हापसा_बाजार
यूट्यूब फुकट आहे. अमेरिकेतल्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा प्रॉडक्शनचा कोर्स कोर्सेरा या साइटवर आहे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतरचं सवलतीचं लायसन्स साठ डॉलर. हे सोडून म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये का मरायचं?

किसमूर
@म्हापसा_बाजार, तुम्ही तिथलेच ना? ट्रॅफिकला नावं ठेवून स्वतःचीच गिऱ्हाइकं का घालवताय?

काळी_एक
बराच वेळ नुसती वाचत होते, आता लिहिते, कारण मी तीच जमात आहे. पर्वरीला राहते, नाटकांना आणि जाहिरातींना संगीत करते, स्वतःची गाणी काढते आणि प्रॉडक्शन शिकवते.
मेव्हण्यांच्या वाक्याबद्दल आधी. होय, आम्ही पैशासाठी शिकवतो. नोव्हेंबर ते मार्च हातात पैसा असतो, जूनमध्ये हप्ता तेवढाच असतो आणि काम नसतं. यात लाजण्यासारखं काय आहे? पण तेवढंच असतं तर पेटीचे प्राथमिक वर्ग घेतले असते, त्याला गिऱ्हाईक जास्त. प्रॉडक्शन शिकवायला लागल्यापासून मला माझंच काम जास्त कळायला लागलं. आवाजातला ३०० हर्ट्झच्या आसपासचा भाग मी सवयीनं कमी करायचे. विद्यार्थिनीनं "का?" विचारलं तेव्हा उत्तर शोधावं लागलं. तंबोरा, पेटी आणि गायकाचा छातीतला आवाज, तिघांची गर्दी त्याच पट्ट्यात होते, म्हणून. आणि कधीकधी कमी करायचं नसतंच, पेटीच लांब बसवायची असते.
सुरुवातीला मी कुणालाही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) उघडू देत नाही. फक्त फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, आणि आवाज डावीकडे की उजवीकडे ते. त्यातच गाणं उभं राहिलं पाहिजे. मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन, तोही तबल्याच्या 'ना'वर. अटॅक (तो किती लवकर दाबायला लागतो ते) फार जलद ठेवला की 'ना'ची धार जाते आणि नुसतं शेपूट उरतं. हे एकदा कानाला कळलं की सॉफ्टवेअर एबलटन असो, लॉजिक असो की क्यूबेस, फरक पडत नाही. यूट्यूबवर बटणं कळतात. "तुझ्या या गाण्यात, या जागी, हे करू नकोस" असं सांगायला माणूस लागतो.
आणि चालत्या संगीतकाराकडे एक गोष्ट असते जी तयार अभ्यासक्रमात सापडत नाही, ती म्हणजे अर्धवट काम. मी माझं चालू प्रोजेक्ट उघडून दाखवते. हे पहिलं मिक्स, हे दिग्दर्शकाला पाठवलेलं, ही त्यांची तक्रार ("संवाद ऐकू येत नाही, ताई"), हे दुसरं. नाटकाच्या संवादाखाली सनई का चालत नाही आणि स्वरमंडळ का चालतं, हे तिथं कळतं.
त्याची किंमतही आहे. विद्यार्थ्यांचे किक ड्रम दुपारभर ऐकले की संध्याकाळी माझ्या कानात काही उरत नाही. म्हणून स्वतःचं काम सकाळी, वर्ग दुपारी. पुणेकरांना भेटला तसा प्रकार होऊ नये म्हणून मी सीझनमध्ये नवीन विद्यार्थी घेत नाही आणि फी महिन्याची घेते, वर्ग बुडला तर पुढच्या महिन्यात वळती करते. फोंडेकर, तुम्ही हेच विचारा: बुडालेल्या वर्गाचं काय करता? उत्तर देताना माणूस वर छताकडे बघायला लागला तर परत या.

पुणेकर_वास्कोत
@काळी_एक, दंडवत. तुम्ही वास्कोत शाखा काढा.

मांडवी
एक आई म्हणून विचारते, कुणी रागावू नका. मुलगी आहे, घरातला स्टुडिओ आहे, साउंडप्रूफ खोली म्हणजे बाहेर काही ऐकू जाणार नाही. फोंडेकर, हे तुमच्याही मनात असेलच, लिहिलं नाहीत इतकंच.

काळी_एक
रागवायचं कशाला, विचारायलाच हवं. माझ्या खोलीला काचेचं दार आहे आणि बाहेर सासूबाई टीव्ही बघत असतात. रेकॉर्डिंगच्या वेळी सोडून दार उघडंच. शिकवताना दार बंद असायचं काही तांत्रिक कारण नाही, तसं कुणी सांगितलं तर मानू नका. पहिल्या भेटीला सोबत जा, आधीच्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोला, आणि एकट्यानं वर्ग घेतात की दोघातिघांचा, तेही विचारा.

चिऱ्याची_भिंत
साउंडप्रूफचा विषय निघालाच आहे तर अवांतर करतो. (मी सिव्हिलवाला, पण दोन-तीन मित्रांचे घरगुती स्टुडिओ बांधून दिलेत.)
अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका! त्यानं फक्त वरच्या सुरांची चमक मरते. आवाज बाहेर जायचा थांबत नाही आणि बासला तर धक्काही लागत नाही. खरी अडचण आपल्या खोल्यांच्या मापात असते. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अशा दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, त्याची दुप्पट ११२ ला पुन्हा. खोली दहा बाय दहा, उंचीही दहा असेल तर तिन्ही दिशांनी तोच सूर घुमणार. मग पोरगं म्हणतं "माझ्या मिक्समध्ये बास जास्त आहे", आणि कमी करतं. गाडीत लावलं की बास गायब. बास मिक्समध्ये नव्हता, खोलीत होता.
कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या करा, कपड्यांचं उघडं कपाट मागे ठेवा, टेबल भिंतींच्या बरोबर मध्यावर नको. जुन्या चिऱ्याच्या घरांतल्या लांबट, उंच खोल्या यासाठी फ्लॅटमधल्या चौकोनी खोलीपेक्षा पुष्कळ बऱ्या.

सोलकढी
अंड्यांचे ट्रे आजच काढते. पाव-आमलेटच्या गाड्यावाल्याला परत देईन.

चिऱ्याची_भिंत
अजून एक. पावसाळ्यात कंडेन्सर माइक उघड्यावर ठेवू नका. पडद्याला दमट हवा लागली की चुरचुर आवाज येतो. सिलिका जेल घालून डब्यात ठेवा. आणि वीज गेल्यावर सेव्ह न केलेलं गाणं परत येत नाही, म्हणून यूपीएस घ्या. हे मुंबईच्या डिप्लोमात शिकवतील की नाही कोण जाणे.

घुमटपिसो
आतां म्हजें आयकात. (पुढे मराठीतच लिहितो.)
आमच्या आरती पथकाचं रेकॉर्डिंग करायचं होतं. एका बाहेरच्या शिकलेल्या इंजिनियरनं प्रत्येक घुमटाच्या (मातीच्या मडक्याला एका तोंडाशी चामडं लावलेलं वाद्य) चामड्यासमोर एकेक माइक लावला. ऐकलं तर टप-टप, टप-टप. घुमट कुठं गेलं? त्याला माहीतच नव्हतं की घुमटाचा अर्धा जीव मागच्या उघड्या तोंडात असतो. डाव्या हाताच्या तळव्यानं ते झाकत-उघडत आपण घुमारा कमीजास्त करतो.
मग गावातला एक पोरगा आला. स्वतः आरतीत वाजवणारा, कीबोर्ड वाजवतो, मुलांना रेकॉर्डिंग शिकवतो. त्यानं दुसरा माइक मागच्या तोंडाशी धरला. लावल्यावर बास आणखीच गेला! तेव्हा त्यानं एका माइकची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे त्याची लहर वरची खाली केली, आणि घुमट असं बोललं म्हणता... कारण विचारलं तर म्हणाला, थाप पडली की चामडं आत जातं, म्हणजे पुढच्या माइकपासून हवा लांब जाते आणि मागच्या माइकवर ढकलली जाते. एक वर, एक खाली, दोन्ही मिळून शून्याकडे. हे तो आपल्या विद्यार्थ्यांना पाटीवर नाही, घुमट हातात देऊन शिकवतो.
(आमची घुमटं बकऱ्याच्या चामड्याची. घोरपडीच्या चामड्यावरून इथं कुणी वाद काढू नये.)

निवृत्त_मास्तर
घुमटपिसो, वाः. पण त्या पोराला आरतीत क्लिक ट्रॅक (कानात वाजणारी ठरलेल्या लयीची टिकटिक) लावू नको म्हणावं. हल्ली भजनाचंही रेकॉर्डिंग क्लिकवर करतात. भजनाची लय चढायलाच हवी. गजर जिथं सुरू होतो तिथंच संपला तर तो गजर कसला?

म्हापसा_बाजार
मास्तर, क्लिक नसेल तर नंतर एडिट कसं करणार? एक कडवं कापून दुसरीकडे लावायचं तर लय सारखी नको?

किसमूर
लयीचे बादशहा खाप्रुमामा पर्वतकर यांना क्लिक ट्रॅक दिला असता तर दमून क्लिकनंच समेवर यायचं सोडून दिलं असतं.

काळी_एक
:)) दोघांचंही बरोबर आहे. आधी मोकळं वाजवू द्या, मग सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची रेघोटी वाजवण्यामागं ओढा. त्याला टेम्पो मॅप म्हणतात. गाणं लयीमागं जाण्याऐवजी लय गाण्यामागं जाते. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम भजनावर करायला लावते, कंटाळवाणं आहे पण लय कुठं सरकते ते दिसतं.
तीच गोष्ट ऑटोट्यूनची, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची. बारा सुरांच्या खाचा पाडून जलद लावलं की नाट्यगीतातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. ते यंत्र वाईट नाही, पण त्याला मींड म्हणजे चूक वाटते.

अभ्यासू_आळशी
अवांतरात भर. पेटीत श्रुती निघत नाहीत हे कारण पुढं करून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. आज तीच पेटी 'परंपरा' आणि लॅपटॉप 'परका'. फोंडेकरांच्या लेकीच्या हातात दोन्ही आहेत हे उत्तमच.
आणि इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्याकडे कालपरवाचं नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा राहिला, तो उभारायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर स्वतः आला होता. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, न्यूयॉर्कला गेलेल्या गीता साराभाईंनी अमेरिकन संगीतकार जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून काउंटरपॉइंट (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गुंफणं) शिकल्या. फी कुणी कुणाला द्यायची हा प्रश्नच आला नाही.
उलट दिशेचं उदाहरणही देतो. सुझन रॉजर्स, ऐंशीच्या दशकात गायक प्रिन्सची इंजिनियर. नंतर मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि बर्कलीत शिकवू लागली. म्हणजे मोठ्या संस्थेतसुद्धा शेवटी स्टुडिओत रात्री काढलेलं माणूसच वर्गात आणावं लागतं. संस्था विरुद्ध कलाकार असा हा सामना नाहीच. संस्थेत शिकवणारे कोण आहेत आणि ते सध्या काय काम करतात, एवढं फोंडेकरांनी तिथंही विचारावं.

पुणेकर_वास्कोत
हे पटलं. पण सर्टिफिकेटचं काय? नोकरी?

सोलकढी
स्टुडिओत कुणी सर्टिफिकेट मागत नाही हो. "काय केलंयस ते ऐकव" म्हणतात. शाळा-कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र कागद लागतो. पणजीत आल्तिनोवर असलेल्या संगीत महाविद्यालयातली पदवीही विचारात घ्या, गायन-वादनाचा पाया पक्का होईल.

म्हापसा_बाजार
गायक रेमो फर्नांडिसनं शिवोलीत घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर पहिला अल्बम केला होता. कुठला डिप्लोमा?

किसमूर
सगळ्यांच्या लेकी रेमो असत्या तर हा धागा निघाला असता का?

फोंडेकर
मंडळी, सगळे प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवले. मेव्हणे मास्तरांच्या नमस्काराने खूश, बाकी मतावर ठाम.
रविवारी मुलगी, बायको आणि मी म्हापशाला जाऊन आलो. दार उघडं होतं, आत आणखी दोन विद्यार्थी होते. मांडवीताई, तुमचा प्रश्न बायकोनं माझ्याआधी विचारला, एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन नंबरही घेतला. बुडालेल्या वर्गाबद्दल विचारलं तर ते वर बघितले नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. हॉटेलच्या तारखा लाल शाईनं, वर्ग निळ्या. डिसेंबर जवळजवळ सगळा लाल. "डिसेंबरात फी नाही आणि वर्ग नाही, पण घरी करायला काम देईन," म्हणाले.
मुलीनं आपलं एक गाणं ऐकवलं. त्यांनी कौतुकबिवतुक केलं नाही. सोळा ट्रॅक होते, एकेक बंद करत गेले आणि दर वेळी तिला विचारलं, "काही गेलं का?" शेवटी पेटी, आवाज आणि एक ढोलासारखा आवाज एवढंच उरलं. येताना गाडीत ती गप्प होती, पण घरी पोचल्यावर जेवायच्या आधी लॅपटॉप उघडला.
सध्या ठरवलं ते असं: जून ते सप्टेंबर म्हापसा, बी. कॉम. चालू. डिप्लोम्याचं पुढच्या वर्षी बघू, तेही तिथं कोण शिकवतं ते तपासून. आता एक व्यवहाराचा प्रश्न. त्यांनी बंद पाठीचे हेडफोन आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्यायला सांगितलाय. सेकंडहँड घ्यावा का?

चिऱ्याची_भिंत
इंटरफेस सेकंडहँड चालेल, ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सर माइकला वीज देणारं) चालू करून कंडेन्सर माइक लावून बघा आणि दोन्ही इनपुट तपासा. शिवाय तुमच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर नीट चालतो का ते बघा. बफर (लॅपटॉप आवाजाचा किती तुकडा साठवून मग पुढं सोडतो ते) १२८ वर ठेवून आवाज तुटत नसेल तर पुरे. तेवढ्यात साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १०२४ ला २३ होतात आणि गाताना स्वतःचाच आवाज मागून येतो. हेडफोन मात्र नवे घ्या, दुसऱ्याच्या कानाचा घाम नको.

घुमटपिसो
माझ्याकडे माइकचा एक जादा स्टँड पडून आहे. फोंड्याला येईन तेव्हा देतो. पैसे नकोत, चवथीला तिला आमच्या आरतीचं रेकॉर्डिंग करायला पाठवा. दोन माइक लागतील.

किसमूर
आणि केबल कोण गुंडाळणार? @पुणेकर_वास्कोत, मोकळे आहात का?

पुणेकर_वास्कोत
येतो. जेवण आहे ना?